ताप, उलट्या आणि शुगर: कोणते औषध थांबवायचे, कोणते मुळीच नाही

पाऊस लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला: ताप. यंदा त्यातली बरीच पत्रे मधुमेह असलेल्या घरांतून आली आहेत, आणि त्यात नवल काही नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, 26.4 टक्के. व्हायरलची साथ आली की इथे दर चार प्रौढांमागे एकाला तापाबरोबर शुगरही सांभाळावी लागते.

डोसचे आकडे जिथे दिले आहेत ते सर्वसाधारण नियमाचे आहेत. आपल्या डॉक्टरांकडून ते स्वतःपुरते दुरुस्त करून घ्या आणि कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा. अंगात 102 ताप असताना हिशेब सुचत नाही.

माझी मुलगी 19 वर्षांची, टाइप 1 मधुमेह. व्हायरल तापात तिच्या पोटात काहीच ठरत नव्हते. शेजारी म्हणाले, जेवण नाही तर इन्सुलिन देऊ नका, शुगर एकदम खाली जाईल. आम्ही दोन वेळा दिले नाही. तिसऱ्या दिवशी तिला आयसीयूत ठेवावे लागले. काहीही न खाता शुगर 420 कशी झाली?
— फोंडा

शेजाऱ्यांचा सल्ला ऐकायला पटण्याजोगा होता, म्हणूनच तो इतका पसरलेला आहे. टाइप 1 मध्ये शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. त्यामुळे बेसल इन्सुलिन, म्हणजे दिवसातून एकदा-दोनदा घ्यायचे ग्लार्जिन, डेग्लुडेक किंवा एनपीएच, उपाशीपोटीसुद्धा चुकवायचे नसते. जेवणाआधीचे जलद इन्सुलिन तेवढे खाण्याप्रमाणे कमी-जास्त होते.

शुगर फक्त ताटातून येत नाही. विषाणूशी झुंजताना शरीर कॉर्टिसोल, अॅड्रेनलिन, ग्लुकागॉन ही संप्रेरके जास्त प्रमाणात सोडते. त्यांच्या हुकमाने यकृत आपल्याकडची साखर रक्तात ओतते, वर नवी तयार करते, आणि त्याच वेळी इन्सुलिनचा असर घटतो. म्हणून तापात बहुतेकांना नेहमीपेक्षा जास्तच इन्सुलिन लागते. ते मिळाले नाही तर पेशींना रक्तातली साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळायला लागते आणि त्यातून कीटोन नावाची आम्ले साठतात. यालाच डायबेटिक कीटोअॅसिडोसिस म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात डीकेए. कीटोन वाढले की मळमळ आणि उलट्या होतात. घरचे समजतात व्हायरलच्या उलट्या आहेत, जेवण बंद, म्हणून पुढचे इन्सुलिनही बंद, की कीटोन आणखी वाढले. तुमच्याकडे नेमके हेच झाले असणार.

पुढच्या वेळी ताप येताच दर दोन ते चार तासांनी शुगर तपासा, रात्री दोन-तीन वाजताही. शुगर 250 च्या वर गेली किंवा उलटी झाली की कीटोन तपासा, मग शुगर कितीही असो. रक्तातले कीटोन मोजणारे मशीन असेल तर 0.6 च्या खाली ठीक, 0.6 ते 1.5 म्हणजे दोन तासांनी पुन्हा पाहा, 1.5 ते 3 म्हणजे डीकेएच्या वाटेवर, 3 च्या वर म्हणजे थेट इस्पितळ. मशीन महाग वाटले तर लघवीच्या पट्ट्याही चालतात. त्यावर दोन प्लस किंवा जास्त आले तर निघायचे. मात्र लघवीची पट्टी काही तास आधीची स्थिती दाखवते आणि मुख्य कीटोन तिला दिसतच नाही. त्यामुळे आजार चढताना ती मागे राहते आणि उतरताना उगाच घाबरवते.

कीटोन 1.5 ते 3 असतील तर नेहमीच्या बेसलशिवाय दिवसभराच्या एकूण इन्सुलिनच्या सुमारे 10 टक्के जलद इन्सुलिन जादा द्यावे लागते. रोजचे मिळून 40 युनिट असतील तर 4 युनिट, आणि दोन तासांनी शुगर व कीटोन दोन्ही पुन्हा पाहायचे. शुगर 200 च्या आत असेल तर जादा डोसबरोबर तोंडाने काहीतरी गोड पोटात जायला हवे, नाहीतर हायपो होईल, म्हणजे शुगर धोक्याइतकी खाली जाईल. दोन जादा डोस देऊनही कीटोन उतरले नाहीत तर घरचे उपाय संपले असे समजा.

पाण्याचा भाग तितकाच महत्त्वाचा. मोठ्या माणसाला दर तासाला साधारण 100 ते 150 मिली. उलट्या होत असतील तर दर पाच मिनिटांनी दोन चमचे, घाई नाही. शुगर 250 च्या वर असताना साधे पाणी, मीठ घातलेले पेजेवरचे निवळ पाणी, पातळ ताक, साखर न घालता केलेले सोलांचे पाणी. 180 च्या खाली आली की शितांसकट पेज, थोडा फळाचा रस किंवा शहाळे. दोन्हींच्या मधे असेल तर पेज चालेल. सोलकढी मात्र उलट्या थांबेपर्यंत नको, नारळाचा रस पोटाला जड जातो.

ओआरएस मधुमेहींना चालतो का, असे पुष्कळजण विचारतात. चालतो. डब्ल्यूएचओच्या सूत्राच्या एक लिटर ओआरएसमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, आणि ते आतड्यातून मीठ-पाणी आत घेण्यासाठीच असते. ओआरएससारखी दिसणारी फळांच्या चवीची तयार पेये वेगळी, त्यांत साखर कितीतरी जास्त असते. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली.

घर सोडायची वेळ कोणती, तेही सांगून ठेवतो: चार तासांत घोटभर पाणीही ठरले नाही, श्वास खोल आणि भराभर चालू झाला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला, पोटात सतत दुखू लागले, किंवा मुलगी झोपाळली आणि नीट उत्तर देईना. यांतले एक झाले तरी पुरे. मधुमेही बाई गरोदर असेल तर यापैकी कशाचीही वाट पाहू नका, कीटोन दिसताच निघा. काणकोण, सांगे, सत्तरीच्या आतल्या गावांतून मोठे इस्पितळ गाठायला वेळ लागतो. तिथल्या घरांनी जाण्याचा निर्णय संध्याकाळीच घ्यावा, मध्यरात्रीवर ढकलू नये.

यजमानांना (54) मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. फ्लूत दोन दिवस जेवले नाहीत, पण गोळ्या वेळेवर घेतल्या. शुगर 170 होती, तरी इस्पितळात डीकेए सांगितले. शुगर वाढलेली नसताना डीकेए?
— म्हापसा

होतो, आणि तो फसवा असतो. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येणाऱ्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन) जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी त्या फार चांगल्या, म्हणून तर आज इतक्या लिहिल्या जातात. पण तापात उपास घडला की साखर लघवीतून जातच राहते, इन्सुलिनची पातळी खाली येते आणि चरबी जळून कीटोन बनतात. रक्तातली साखर मात्र 150-200 च्या घरात दिसते. ग्लुकोमीटर पाहून घरचे निश्चिंत, कधीकधी डॉक्टरही. या गोळीवर असलेल्या माणसाला उलट्या, पोटदुखी, धाप किंवा विचित्र थकवा असेल तर शुगर कितीही सुंदर असो, कीटोन तपासायचेच. इस्पितळात पोचल्यावर ‘डापा चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे रक्तातली आम्लता लगेच पाहिली जाईल.

नियम सोपा आहे. खाणे-पिणे निम्म्यावर आले किंवा उलट्या-जुलाब लागले त्या दिवशी ग्लिफ्लोझिन बंद. नीट जेवण आणि पाणी सुरू होऊन 24 ते 48 तास गेले की परत सुरू. गोळी थांबवल्यावरही तिचा असर काही दिवस राहतो, त्यामुळे ‘काल बंद केली’ म्हणजे धोका टळला असे नाही. अडचण अशी की दुकानातल्या पाकिटांवर नावे शेकड्यांनी आहेत आणि पुष्कळदा एकाच गोळीत मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनही असते. पाकिटावरचे बारीक अक्षरांतले घटक वाचा.

मेटफॉर्मिनही अशा दिवसांत थांबवतात. शरीर कोरडे पडून मूत्रपिंड मंदावले की ते साठते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकते. त्याच कारणाने रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या आणि लघवीच्या गोळ्याही उलट्या-जुलाबात थोडे दिवस थांबवायला डॉक्टर सांगतात. हृदय कमजोर असलेल्यांनी मात्र ते आपल्या मनाने करू नये. आठवड्याचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी मळमळ चालू असताना पुढचा डोस लांबवण्याबद्दल विचारावे. टाइप 2 असून इन्सुलिन घेणाऱ्यांनी बेसल चालूच ठेवायचे. सकाळ-संध्याकाळचे मिश्र इन्सुलिन असेल तर जेवण निम्मे म्हणून डोस किती कमी करायचा हे त्या वेळची शुगर पाहून फोनवर ठरवावे, पण पूर्ण शून्य करू नये.

मधुमेहींनी साखर असलेले खोकल्याचे औषध घेतले तर चालते का?
— कुडचडे

चालते. एका चमच्यात दोन-चार ग्रॅम साखर असते, दिवसभरात तीन चमच्यांनी काही बिघडत नाही. शुगर चढते ती तापाने. अंगावर शुगर मोजणारा सेन्सर लावलेल्यांनी व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांकडे मात्र लक्ष ठेवावे, काही सेन्सर त्यामुळे खोटे वाढीव आकडे दाखवतात.

वडिलांना डेंग्यू झाला. मधुमेह जुना आहे. ताप उतरला, लघवी भरपूर होत होती, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. तरी बीपी पडले. प्लेटलेट 70 हजार, म्हणजे फारसे कमी नव्हते. मग चुकले कुठे?
— वाळपई

डेंग्यूत सगळ्यांचे डोळे प्लेटलेटवर असतात. खरा धोका असतो रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरण्याचा, आणि तो बहुतेक वेळा ताप उतरण्याच्या सुमारास, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात येतो. ‘आता ताप नाही’ हा त्यामुळे दिलासा नव्हे, उलट जास्त लक्ष ठेवायची वेळ.

आता लघवी. इतर डेंग्यूच्या रुग्णात दर चार-सहा तासांनी लघवी होणे हे शरीरात पाणी पुरेसे असल्याचे लक्षण मानतात. मधुमेहीत ही खूण निरुपयोगी होते. शुगर साधारण 180 च्या वर गेली की साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. आतून रक्तवाहिन्या कोरड्या पडत असतानाही बाहेर लघवी मुबलक दिसते. ग्लिफ्लोझिन चालू असेल तर शुगर नॉर्मल असतानाही हेच. म्हणून मधुमेहीला डेंग्यू झाला की हातपाय गार पडणे, नाडी भराभर चालणे, उभे राहताच चक्कर, पोटात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा झोपाळूपणा यांकडे पाहावे, आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के आहे, तो रोज तपासावा. तो आधीपेक्षा 20 टक्के वाढणे, म्हणजे 40 चा 48 होणे, हे प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा जास्त बोलके असते.

याच हिमॅटोक्रिटमुळे घरचे ग्लुकोमीटरही चकवते. रक्त दाट झाले की बऱ्याच मशीनवर शुगर खऱ्यापेक्षा कमी दिसते, रक्त पातळ असले की जास्त. त्यात हात गार पडलेले असतील तर बोटाच्या टोकावर भरवसाच ठेवू नये, शिरेतले रक्त लॅबमध्ये पाठवावे. डेंग्यूच्या शॉकमध्ये रक्त आम्ल होते आणि डीकेएतही होते. एक असताना दुसरा निसटू नये म्हणून कीटोन मोजणे भाग असते.

तापाला फक्त पॅरासिटामॉल: मोठ्या माणसाला 500 ते 650 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि मूत्रपिंडावर भार येतो. हृदयासाठीची रोजची अॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. पपईच्या पानांचा रस बहुतेक घरांत पोचलेला आहे; त्याने मळमळ वाढून पेज-पाणी कमी झाले तर तोटाच जास्त.

सत्तरीकरांसाठी एक जोड. तुमच्याकडे 2015 पासून माकडतापही माहीत आहे, डिसेंबर ते मे, म्हणजे काजूच्या हंगामात. तो काहींना एक-दोन आठवड्यांच्या उसंतीनंतर पुन्हा उलटतो आणि त्या वेळी डोके दुखणे, भ्रम असली लक्षणे येतात. मधुमेही रुग्ण तापानंतर बरळू लागला तर आधी शुगर पाहा, पण ती ठीक निघाली म्हणून घरी थांबू नका.

आजी 78 वर्षांची. सर्दी-तापानंतर चार-पाच दिवस नुसती झोपून असते, पाणीही मागत नाही. ग्लुकोमीटरवर आकडा न येता ‘एचआय’ अशी अक्षरे येतात. मशीन बिघडले का?
— काणकोण

मशीन धडधाकट आहे. ‘एचआय’ म्हणजे शुगर त्याच्या मोजपट्टीच्या वर, मशीनप्रमाणे 500 किंवा 600 च्या पलीकडे. साबणाने हात धुऊन, कोरडे करून एकदा पुन्हा तपासा, बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी असे होते. पुन्हा तेच आले तर हे पत्र वाचत बसू नका, 108 ला फोन लावा.

वृद्धांत डीकेएपेक्षा वेगळे संकट जास्त दिसते: एचएचएस, म्हणजे शुगर अतोनात चढून शरीर कोरडे पडणे. थोडे इन्सुलिन शरीरात बनत असते, त्यामुळे कीटोन फारसे वाढत नाहीत, उलट्याही होत नाहीत आणि म्हणूनच कोणी धावपळ करत नाही. शुगर दिवसेंदिवस चढते, लघवीवाटे पाणी जाते. म्हाताऱ्या माणसाची तहान आधीच मंद, त्यात उठून पाणी घेण्याची ताकद नाही. शुगर 600 च्या वर जाते, रक्त दाट होते, मेंदू सुस्तावतो. घरचे म्हणतात, ‘व्हायरलचा अशक्तपणा आहे, झोपू दे.’ इस्पितळात पोचेपर्यंत शरीरातून आठ-नऊ लिटर पाणी गेलेले असू शकते. यातले मृत्यूचे प्रमाण डीकेएपेक्षा बरेच जास्त आहे. घरी जादा इन्सुलिन टोचून शुगर झटकन खाली आणायला जाऊ नका. आधी पाणी भरायचे असते, आणि शुगर हळूहळू उतरवायची असते.

अंथरुणाला खिळलेल्या मधुमेही वृद्धाला ताप आला की घरातल्या एकाने पाण्याचा हिशेब ठेवावा. लिटरची बाटली भरून उशाशी ठेवायची आणि रात्री किती उरले ते पाहायचे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना किती पाणी द्यायचे ते आधी विचारून घ्यावे.

आईला ग्लिमेपिराइड आणि वोग्लिबोज चालू. तापात जेवली नाही, शुगर 48 झाली. बेसनाचा लाडू दिला, तासाने 90 झाली. रात्री पुन्हा 52! असे का?
— डिचोली

तीन गोष्टी एकत्र आल्या. ग्लिमेपिराइड जेवण असो-नसो स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढत राहते, 24 तासांपर्यंत, आणि मूत्रपिंड मंद असेल तर त्याहून जास्त. न जेवणाऱ्याने ही गोळी घ्यायची नाही. याच गटातले ग्लिबेनक्लामाइड तर वृद्धांत नकोच. दुसरे, लाडवातल्या तुपामुळे साखर पोटातून उशिरा पुढे सरकते. तिसरे, वोग्लिबोज साध्या साखरेचे आतड्यात विघटन होऊ देत नाही. साखरपाणी, गूळ, मिठाई यांचा असर लांबतो. वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्याला हायपोत फार्मसीत मिळणारी ग्लुकोज पावडरच द्यावी, 15 ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यातून. इतरांना तीन चमचे साखर पाण्यात पुरते. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, 70 च्या आत असेल तर पुन्हा तेवढेच द्या, मग पेज किंवा पाव.

एकदा वर आली म्हणून ग्लिमेपिराइडच्या हायपोवर विश्वास ठेवू नका, ती परत खाली येते. अशा रुग्णाला निदान एक दिवस इस्पितळात देखरेखीखाली ठेवतात. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरही नाही. कुशीवर वळवा आणि 108.

मुलगा सहा वर्षांचा. उलट्या आणि धाप, डॉक्टरांनी व्हायरल म्हटले, दोन दिवसांनी मधुमेह निघाला. व्हायरसने मधुमेह झाला का?
— मडगाव

एका तापाने एका रात्रीत नाही. टाइप 1 मध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे हळूहळू नष्ट होत असतात. काही विषाणू, विशेषतः एन्टेरोव्हायरस, या प्रक्रियेला हातभार लावत असावेत असे संशोधन सांगते. ताप बहुधा उरलेसुरले इन्सुलिन अपुरे पाडतो आणि दडलेला आजार उघडा पडतो. आईवडिलांकडून काही चुकले असे नव्हे.

मागे वळून पाहिले तर खुणा आठवतील: सारखी तहान, बंद झालेले अंथरुण ओले करणे पुन्हा सुरू, लघवीला मुंग्या लागणे, भूक असून वजन कमी. साध्या पोटाच्या व्हायरलमध्ये कोरडे पडलेले मूल लघवी कमी करते. उलट्या होत असूनही जे मूल भरपूर लघवी करते, किंवा छाती साफ असून ज्याला धाप आहे, त्याची बोटातून शुगर त्याच मिनिटाला पाहायला हवी. अशी लक्षणे असून 200 च्या वर आली तर ‘सकाळी उपाशीपोटी तपासू’ हा वेळ दवडण्याचा प्रकार. त्याच दिवशी बालरोग विभाग असलेल्या इस्पितळात. वाटेत कोणत्याही दवाखान्यात भराभर सलाइन चढवून घेऊ नका. मुलांत डीकेएमध्ये मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून द्रव मोजून-मापून देतात.

डीकेएच्या रुग्णाला इस्पितळात ग्लुकोजची बाटली लावली. मधुमेहीला ग्लुकोज?
— पेडणे

ही तक्रार आम्हाला नेहमी येते, आणि नातेवाईकांनी बाटली काढायला लावल्याचीही उदाहरणे असतात. तसे करू नका. डीकेएत उपचार साखरेवर नसतो, कीटोनवर असतो. आधी साधे सलाइन, मोठ्यांना पहिल्या तासात साधारण एक लिटर. मग शिरेतून इन्सुलिन, वजनाच्या किलोमागे ताशी 0.1 युनिट, म्हणजे 60 किलोच्या माणसाला ताशी 6. काही तासांत शुगर 250 वर येते, पण कीटोन जायला त्याहून जास्त वेळ लागतो. तिथे इन्सुलिन थांबवले तर कीटोन परत वाढतील. चालू ठेवले तर हायपो. म्हणून 5 टक्के ग्लुकोज जोडून इन्सुलिन चालू ठेवतात.

पोटॅशियमही सारखे तपासतात. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलते, ते फार खाली आले तर हृदयाचे ठोके बिघडतात. ते 3.5 च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम देऊन मगच इन्सुलिन सुरू करतात. उशीर झाल्यासारखा वाटतो, पण त्याला कारण आहे. आणि शिरेतले इन्सुलिन काढण्याच्या एक-दोन तास आधी त्वचेखालचे बेसल द्यायला लागते. ते दिले का, एवढे नातेवाईकांनी जरूर विचारावे.

तापासाठी डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिले. बरे वाटले, पण शुगर दोन दिवस 350.
— वास्को

बहुधा त्यात डेक्सामेथासोन होते. स्टेरॉइडने ताप आणि अंगदुखी झटक्यात उतरते, म्हणून ते लोकप्रिय आहे. साध्या व्हायरलमध्ये त्याची गरज नसते. कोविडमध्येही 2020 च्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच झाला, सौम्य आजारात नाही. 2021 मध्ये काळ्या बुरशीचे जे रुग्ण दिसले त्यांत मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडी वारंवार होती.

या इंजेक्शनचा असर दोन-तीन दिवस टिकतो. स्टेरॉइडची शुगर दुपारी आणि रात्री चढते, सकाळची उपाशीपोटीची बरी दिसू शकते. तेव्हा रात्रीच्या जेवणाआधी तपासा. सुई टोचण्याआधी ‘मला मधुमेह आहे, यात स्टेरॉइड आहे का?’ विचारायला संकोच नको. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी रोज स्टेरॉइड घेणाऱ्यांनी मात्र ते तापात अचानक बंद करायचे नसते.

सर्दीला गरम पाण्यातून थोडी काजू फेणी घेतली तर?
— साखळी

छातीला चोळा, शुगरला काही होणार नाही. पोटात नको. यकृत दारू पचवत असताना नवी साखर बनवणे थांबवते. जेवण नाही, वर ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन, अशात पहाटे हायपो होते आणि बरळणाऱ्या माणसाला घरचे ‘चढली आहे’ म्हणून झोपवतात. पॅरासिटामॉलबरोबर तर यकृतालाही जड.

घरात काय तयार ठेवावे? आणि 108 ला नेमके काय सांगावे?
— सांगे

ग्लुकोमीटर, निदान 25 पट्ट्या, कीटोनच्या पट्ट्या, थर्मामीटर, ओआरएस, ग्लुकोज पावडर, पॅरासिटामॉल. आपल्या पावसाळी दमट हवेत पट्ट्यांची डबी उघडी राहिली की पट्ट्या खराब होतात. काढली की लगेच झाकण. फोडलेले इन्सुलिन साधारण 28 दिवसांनी टाकून द्या, फोडल्याची तारीख कुपीवर पेनाने लिहा. पारदर्शक इन्सुलिन गढूळ दिसले किंवा एनपीएच हलवूनही गुठळ्या राहिल्या तर ते वापरू नका. तापात इन्सुलिन देऊनही शुगर हलत नसेल तर एकदा नवी कुपी उघडून पाहावी.

फोनवर एवढेच: मधुमेह आहे, इन्सुलिनवर आहे की गोळीवर, शुगर किती, कीटोन किती, उलट्या कधीपासून, शुद्धीवर आहे का, आणि घरापर्यंत यायची खूण. पिशवीत सगळ्या गोळ्यांची पाकिटे भरा, नुसती चिठ्ठी नको. शेवटचे इन्सुलिन कोणते, किती युनिट, किती वाजता, हे त्याच पिशवीवर लिहून द्या. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न हाच येतो.